न आकसणारें वाळवण

वैशाखाच्या उन्हांत गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस एक गोष्ट निराळी सांगावयास नको. गव्हाचा चीक शिजवून सोऱ्यांतून पाडलेली कुरडई ओली असतांना जेवढी असते तेवढी ती वाळल्यावर राहत नाहीं. तिच्यांतील पाणी जातें, आणि जातां जातां तें तिचें अंगहि आंवळून घेतें. तळ्याचा गाळ असाच भेगाळतो, कुंभाराचें कच्चें मडकें असेंच लहान होतें. वाळणें म्हणजे आकसणें हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे कीं, त्यामागें कांहीं कारण असावें अशी शंकाहि सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. अमेरिकेंतील एका लहानशा कॉलेजांत रसायनशास्त्र शिकविणाऱ्या एका अध्यापकाच्या मनांत ती आली. त्यानें तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला, आणि त्या खटपटींतून आजवर ठाऊक असलेल्या घन पदार्थांपैकीं अत्यंत हलक्या अशा पदार्थांचें एक कुलच जगास मिळालें. त्या कुलाचें नांव एअरोजेल.

ह्या पदार्थांच्या हलकेपणाचें कौतुक वर्तमानपत्रांतून वेळोवेळीं होत असतें. धूर गोठवून केल्यासारखा दिसणारा निळसर ठोकळा फुलावर ठेवला तरी पाकळी वांकत नाहीं, अशीं चित्रें बहुतेक वाचकांनीं पाहिलीं असतील. त्या कौतुकाशीं आमचें भांडण नाहीं. मात्र ह्या शोधाचा इतिहास पाहतां असें दिसतें कीं, पदार्थ कसा असावा हें पहिल्याच दिवशीं कळलें होतें. तो वाळवावा कसा, हें ठरविण्यांतच पुढचीं सत्तर-ऐंशीं वर्षें गेलीं. रसायनाच्या इतिहासांत कल्पनेचे मानकरी पुष्कळ असतात. धुण्या-वाळविण्याचे कष्ट ज्यांनीं काढले त्यांची आठवण कोणी फारशी ठेवीत नाहीं.

सॅम्युएल स्टीफन्स किस्लर हा मूळचा कॅलिफोर्नियाच्या ईशान्य कोपऱ्यांतील सीडरव्हिल ह्या खेड्याचा; जन्म १९०० सालचा. स्टॅनफर्ड येथें शिक्षण झाल्यावर कांहीं काळ तेलाच्या कंपनींत नोकरी करून तो स्टॉकटन येथील कॉलेज ऑफ दि पॅसिफिक ह्या संस्थेंत अध्यापक झाला. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यानें हे प्रयोग आरंभिले. चार्ल्स लर्नेड नांवाच्या सहकाऱ्याशीं त्यानें पैज मारली होती, आणि मुरंब्याच्या बरणींतील जेलीमधला द्रव काढून त्या जागीं वायु भरावयाचा, पण जेली तसूभरहि आकसूं द्यावयाची नाहीं, अशी त्या पैजेची अट होती, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिका गोड आहे, आणि ती सर्वस्वीं खोटी असेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण किस्लरचा निबंध वाचणारास स्पष्ट दिसतें कीं, त्याच्यापुढें पैजेहून बराच गंभीर प्रश्न होता.

तो प्रश्न असा. जेली म्हणजे काय? ती द्रव म्हणावी कीं घन? लंडनच्या टॉमस ग्रॅहॅमनें १८६१ सालीं ‘कोलॉइड’ हा शब्द रूढ केला, आणि १८६४ सालीं सिलिकेच्या जेलींतील पाणी काढून त्याच्या जागीं मद्यार्क घालतां येतो, आणि तरीहि जेली जेलीच राहते, हें दाखविलें. ह्या प्रयोगाचा पुरा अर्थ पुढें साठ-पासष्ट वर्षें कोणी काढला नाहीं. किस्लरनें तो काढला. एक द्रव जाऊन दुसरा येतो आणि आकार जशाचा तसा राहतो, त्या अर्थीं आंत एक घन जाळें अखंड पसरलेलें असलें पाहिजे, आणि द्रव त्या जाळ्याच्या घरांतून केवळ भाडेकरूसारखा राहत असला पाहिजे. असें असेल तर त्या घरांत पाण्याऐवजीं हवा कां राहूं नये?

राहूं नये ह्याचें कारण हवेंत नाहीं, पाणी ज्या रीतीनें घर सोडतें त्या रीतींत आहे. द्रव उडूं लागला म्हणजे प्रत्येक सूक्ष्म छिद्राच्या तोंडाशीं त्याचा पृष्ठभाग आंत खोलगट होतो, आणि पृष्ठताणामुळें छिद्राच्या भिंती जवळ ओढतो. छिद्र जितकें बारीक तितकी ही ओढ मोठी. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. दहा नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रांतील पाण्याची ओढ हिशेबानें सुमारें १४० वातावरणांच्या दाबाइतकी भरते. कोवळ्या जाळ्यानें ती सोसावी कशी? तें कोसळतें, आणि हातीं येतो तो मूळच्या आकाराचा एक लहानसा अंश, कांचेसारखा कठीण झालेला. ह्या आकसलेल्या भावंडाचेंहि नशीब कांहीं वाईट नव्हतें, हें येथेंच सांगून टाकूं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या वॉल्टर पॅट्रिकनें सिलिका जेलच्या कृतीचें पेटंट मिळविलें, आणि औषधांच्या बाटल्यांतून व नव्या जोड्यांच्या खोक्यांतून ओल शोषून घेणारी जी दाणेदार पुडी आज घरोघर येते ती त्याच वंशांतली. आकसूनहि तिच्या अंगीं पुष्कळ छिद्रें उरतात. न आकसल्यास किती उरलीं असतीं, हा पुढचा प्रश्न.

द्रवाला पृष्ठभागच नसेल तर ओढ कोठून येणार? ही युक्ति किस्लरला सुचली. पृष्ठभाग नाहींसा करण्याची वाट फ्रान्समध्यें कान्यार द ला तूर ह्यानें १८२२ सालींच दाखविली होती. बंदुकीच्या नळीच्या तुकड्यांत मद्यार्क व एक गारगोटीची गोळी घालून त्यानें तोंडें बंद केलीं, नळी तापविली, आणि ती हालवून तो कान देऊन ऐकत बसला. एका विवक्षित उष्णतेपर्यंत द्रवांत गोळी लोळल्याचा आवाज येई. पुढें तो बदलून जाई, कारण द्रव आणि वाफ ह्यांतला भेदच मिटलेला असे. ह्या अवस्थेस ‘क्रांतिक बिंदु’ हें नांव बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूजनें १८६९ सालीं दिलें. किस्लरनें हें जुनें ज्ञान उचललें. जेली भक्कम दाबपात्रांत द्रवासह ठेवावयाची, दाब इतका राखावयाचा कीं द्रव उकळूं नये, आणि तापवीत तापवीत त्यास क्रांतिक बिंदूच्या पलीकडे न्यावयाचें. तेथें द्रव कोणता आणि वायु कोणता हें सांगतां येत नाहीं. मग सावकाश झडप उघडून तो वायु सोडून द्यावयाचा. जाळ्यास कळतहि नाहीं कीं, आपल्या घरांतून कोणी निघून गेलें आहे.

सांगावयास हें चार वाक्यांचें काम, पण करतांना किस्लरच्या नाकीं नऊ आले. पाण्याचा क्रांतिक बिंदु ३७४ अंशांवर आणि सुमारें २१८ वातावरणांच्या दाबाखालीं येतो; त्या अवस्थेंतलें पाणी इतकें खट्याळ कीं तें सिलिकेचें जाळेंच विरघळवून टाकी. म्हणून मद्यार्काकडे वळावें लागलें. त्याचा बिंदु सुमारें २४१ अंशांवर व साठेक वातावरणांच्या दाबाखालीं आहे. परंतु जेली बनावयाची जलकाच आणि हायड्रोक्लोरिक आम्ल ह्यांपासून, आणि त्या क्रियेंत निपजलेलें मीठ जेलीच्या पोटांत अडकून बसे. तें धुऊन काढावयाचें, मग पाण्याच्या जागीं मद्यार्क जिरवावयाचा. आणि ह्या दोन्ही गोष्टी छिद्रांतून हळूहळू झिरपूनच होणार, घाई उपयोगाची नाहीं. १९३१ च्या मे महिन्यांत ‘नेचर’ ह्या साप्ताहिकांत त्याचें छोटेंसें टिपण प्रसिद्ध झालें. त्यांत सिलिका होतीच. शिवाय अल्युमिनियम, लोह, कथील आणि टंगस्टन ह्या धातूंच्या ऑक्साइडांचीं एअरोजेलें होतीं, आणि जिलेटिन, अगर, एवढेंच काय पण अंड्यांतील पांढरा बलक, ह्यांचींहि होतीं. कसोशीनें पाहतां सिलिका हें धातूचें ऑक्साइड नव्हे. तेव्हां धातूंच्या ऑक्साइडांचा हा वंश पहिल्याच टिपणापासून तिच्या शेजारीं उभा आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढें ती बराच काळ विसरली गेली.

लोहाचें ऑक्साइड आणि हलकेपणा हे दोन शब्द एकत्र येतांच आमच्याकडील वाचकास लोहभस्माची आठवण होईल. रसशास्त्रांत भस्माची एक परीक्षा ‘वारितर’ ह्या नांवानें सांगितली आहे: चिमूटभर भस्म शांत पाण्यावर टाकावें, तें तरंगलें तर सिद्ध झालें असें समजावें. परीक्षा मार्मिक आहे, आणि ती ठरविणाऱ्यांच्या निरीक्षणशक्तीबद्दल आम्हांस आदर वाटतो. पण तेवढ्यावरून आमच्या पूर्वजांस एअरोजेल ठाऊक होतें अशी उडी कोणी मारूं नये. तेथें भस्माची पूड अति बारीक असल्यामुळें पाण्याचा पृष्ठताण तिला उचलून धरतो. येथें पदार्थाच्या पोटांतच हवेचा संसार आहे. गंमत एवढीच कीं, जो पृष्ठताण भस्मास तारतो तोच जेलीस मारतो.

आतां ह्या पोकळ जाळ्याचा उपयोग काय, हें पाहूं. वायूचे किंवा विरघळलेल्या पदार्थाचे रेणु घन पृष्ठावर येऊन चिकटून बसतात, त्यास अधिशोषण म्हणतात. स्पंजानें पाणी पिऊन घ्यावें तसला हा प्रकार नव्हे. येथें सर्व व्यवहार पृष्ठावर चालतो, म्हणून पृष्ठ जितकें अधिक तितकी जागा अधिक. उत्प्रेरकाचेंहि तसेंच आहे. स्वतः न खर्चतां तो दोन पदार्थांचें लग्न लावून देतो, पण तें लग्न त्याच्या पृष्ठावरच लागावयाचें असतें. ठोकळ्याच्या गाभ्यांत दडलेला धातु भटजींच्या यादींतला न आलेला पाहुणा. १९३८ सालीं ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर ह्या तिघांनीं नायट्रोजनच्या अधिशोषणावरून असें आंतलें पृष्ठ मोजण्याची रीत बसविली, आणि आज त्या रीतीनें चांगल्या सिलिका एअरोजेलचें पृष्ठ एका ग्रॅमास ६०० ते १००० चौरस मीटर भरतें. गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. तेव्हां एका ग्रॅमांत सहा ते दहा गुंठे झाले, आणि एका तोळ्यांत पावणेदोन ते जवळजवळ तीन एकर. सातबाऱ्यावर चढवावयास हरकत नाहीं इतकी जमीन चिमटींत मावते!

किस्लरला हें पहिल्यापासून दिसत होतें. तो इलिनॉय विद्यापीठांत गेल्यावर त्यानें स्वान व ॲपेल ह्या दोघांच्या साहाय्यानें थोरियमच्या ऑक्साइडाचें एअरोजेल करून तें उत्प्रेरक म्हणून वापरलें, आणि सेंद्रिय आम्लांपासून कीटोन बनविण्याच्या क्रियेवर १९३४ सालीं निबंध लिहिला. ॲसेटिक आम्लाचे दोन रेणु एकत्र येऊन ॲसिटोन होतें व पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात, त्या जातीची ही क्रिया. म्हणजे एअरोजेल जन्मून पुरीं चार वर्षेंहि झालीं नव्हतीं तोंच तें रसायनाच्या कारखान्यांत कामास लागण्यास तयार होतें. परंतु कारखान्यानें त्याच्याकडे त्या नजरेनें पाहिलें नाहीं. १९४० नंतरच्या दशकाच्या आरंभीं मोन्सँटो कंपनीनें ‘सँटोसेल’ ह्या नांवानें सिलिकेचें एअरोजेल विकावयास काढलें. त्याचा खप दंतमंजनें व सौंदर्यप्रसाधनें घट्ट करण्याकडे आणि उष्णतारोधनाकडे झाला. पुढें ज्वालेंतून बनणारी स्वस्त सिलिका निघाली आणि १९७० च्या सुमारास सँटोसेल बंद पडलें. धातूंच्या ऑक्साइडांकडे तर तीस वर्षें कोणी फिरकलेंच नाहीं म्हटलें तरी चालेल. निरुपयोगी ठरलें म्हणून तें मागें पडलें असें नव्हे; एका नमुन्यामागें धुण्या-वाळविण्यांत आठवडेच्या आठवडे घालविण्यास कोणी तयार नव्हतें, इतकेंच.

ह्या कंटाळ्यानेंच शेवटीं वाट काढली. फ्रान्समधील लिओं येथें प्राध्यापक टाइशनर ह्यांच्याकडे अग्निबाणाचें इंधन व ऑक्सिजन सच्छिद्र पदार्थांत सांठविण्याचा विचार चालला होता. त्यांनीं आपल्या एका विद्यार्थ्यास किस्लरच्या रीतीनें एअरोजेल करावयास सांगितलें. पहिलें एअरोजेल मिळण्यास कित्येक आठवडे लागले; आणि प्रबंधासाठीं असे पुष्कळ नमुने लागतील असें जेव्हां त्यास सांगण्यांत आलें, तेव्हां हिशेब करून तो बिचारा खचला आणि प्रयोगशाळा सोडून गेला, असें ह्या क्षेत्रांतील मंडळी सांगतात. थोड्या विश्रांतीनंतर तो परतला, पण निश्चय करून परतला कीं ती जुनी रीत पुन्हां करावयाची नाहीं. प्रयोगशाळेंत ज्यांनीं उमेदवारी केली आहे त्यांस त्या विद्यार्थ्याविषयीं सहानुभूति वाटल्यावांचून राहणार नाहीं. आम्हांस तर ती फार वाटते. त्यानें जलकाच टाकून दिली आणि सिलिकेचा एक मद्यार्कजन्य एस्टर घेतला. तो मेथॅनॉलमध्यें विरघळवून थोडें पाणी घातलें कीं मेथॅनॉलमध्येंच जेली तयार! मीठ मुळीं निपजतच नाहीं, म्हणून धुणें नाहीं. द्रव आधींच मद्यार्क, म्हणून अदलाबदल नाहीं. असल्या एस्टरापासून दमट हवेंत कांचेसारखा पदार्थ बनतो हें एबेलमेन ह्या फ्रेंच रसायनज्ञानें १८४० नंतरच्या दशकांतच पाहिलें होतें, परंतु तें ज्ञान असेंच पडून होतें. निकोलाँ व टाइशनर ह्यांचा निबंध १९६८ सालीं निघाला, आणि आठवड्यांचें काम तासांवर आलें. मग लिओंच्याच मंडळींनीं पुन्हां धातूंच्या ऑक्साइडांकडे मोर्चा वळविला. अल्युमिनाच्या जाळ्यांत निकेलचें ऑक्साइड विणून केलेल्या त्यांच्या एअरोजेलांवर आयसोब्युटीन आणि नायट्रिक ऑक्साइड ह्यांपासून मेथॅक्रिलोनायट्राइल बनविण्याचे प्रयोग प्रसिद्धच आहेत. त्या कामांत पाजाँक ह्यांचें नांव पुढें येतें, आणि तें आपल्यास आणखी एकदां भेटणार आहे.

कष्ट गेले, तरी धोका राहिला. तापलेला मेथॅनॉल ऐंशी वातावरणांच्या दाबाखालीं कोंडून ठेवणें म्हणजे घरांत दारूखाना बाळगणें होय. दक्षिण स्वीडनमध्यें कणभौतिकीच्या उपकरणांसाठीं सिलिका एअरोजेलच्या फरश्या बनविणारा एक कारखाना होता. १९८४ सालीं तेथील दाबपात्र गळलें, वाफ पसरून पेटली, आणि इमारत उडाली. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. पुढच्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें तिवारी, हंट व लॉफ्टस ह्यांनीं मेथॅनॉलच्या जागीं द्रवरूप कार्बन डायऑक्साइड घालण्याची रीत प्रसिद्ध केली. ह्याचा क्रांतिक बिंदु अवघ्या ३१ अंशांवर, दाब सुमारें ७३ वातावरणें. पुण्याच्या वैशाखांत तर तो दुपारच्या उन्हाखालींच येतो. शिवाय हा वायु पेट घेत नाहीं. अँड्र्यूजनें क्रांतिक बिंदूचा अभ्यास केला तो ह्याच वायूवर, आणि तो ह्या कामास लावावयास ११६ वर्षें जावीं लागलीं.

सिलिकेची गाडी ह्यानंतर रुळावर आली. १९९२ सालीं तर लिव्हरमोर येथें एका घन सेंटिमीटरास केवळ तीन मिलिग्रॅम वजनाचें एअरोजेल झालें (तेवढ्याच हवेचें वजन सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास असतें). १९९९ सालीं सुटलेल्या ‘स्टारडस्ट’ यानानें २००४ मध्यें धूमकेतूची धूळ पकडली ती ह्याच पदार्थांत, आणि २००६ मध्यें ती पृथ्वीवर आणिली. ह्या पराक्रमाच्या कथा अन्यत्र विपुल आहेत.

धातूंच्या ऑक्साइडांची अडचण निराळी होती. लिओंची रीत त्यांस लावावयाची तर त्या त्या धातूचा मद्यार्कजन्य संयुग पाहिजे, आणि हे संयुग महाग. कांहीं तर पाण्याचा स्पर्श होतांच इतक्या वेगानें फुटतात कीं जेली न होतां गढूळ साका खालीं बसतो. स्वस्त म्हणजे साधे क्षार. पण लोहाच्या क्लोराइडाचा द्रव आम्लधर्मी असतो, आणि त्यांत अल्कली ओतली कीं जेथें थेंब पडला तेथेंच गंजाच्या रंगाचा गाळ होतो. जाळें विणावयास सवड मिळत नाहीं. २००१ सालीं लिव्हरमोरच्याच गॅश प्रभृतींनीं ह्यावर नामी तोड काढली. त्यांनीं अल्कलीऐवजीं प्रॉपिलिन ऑक्साइड घातलें. हें द्रव्य आम्लाचा अंश टिपून घेतें आणि तसें करतांना स्वतः कायमचें बदलून जातें. त्यामुळें सगळ्या द्रवांतलें आम्ल एकाच वेळीं, सारख्या चालीनें कमी होतें, आणि लोहाचे कण गाळ होऊन न बसतां एकमेकांचे हात धरून जाळें बांधतात. त्या लोहाच्या एअरोजेलाचें पृष्ठ ग्रॅमास ३०० ते ४०० चौरस मीटर भरलें. सिलिकेच्या मानानें आंकडा लहान दिसतो; पण लोहाचें ऑक्साइड दुपटीहून अधिक जड आहे हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या यशाची खरी किंमत कळते. अल्युमिनियम, क्रोमियम, झिर्कोनियम असे धातु मग ह्याच वाटेनें आले. म्हणजे किस्लरनें १९३१ मध्यें जेथून आरंभ केला होता त्या साध्या क्षारांकडेच सत्तर वर्षांनीं परत यावें लागलें.

राहतां राहिलें दाबपात्र. तें टाकून उघड्या हवेंत, कुरडईसारखें, वाळवतां येईल काय? १९९५ सालीं न्यू मेक्सिकोंतील प्रकाश, ब्रिंकर व हर्ड ह्यांनीं दाखविलें कीं सिलिकेच्या भिंतींना तैलस्वभावी गट चिकटविले तर जाळें वाळतांना आकसतें खरें, पण भिंती परस्परांस चिकटत नाहींत आणि द्रव गेल्यावर जाळें पुन्हां उसळून पूर्ववत् होतें. ह्या शाखेंत आमच्या महाराष्ट्राचाहि वांटा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत प्राध्यापक व्यंकटेश्वर राव ह्यांच्या प्रयोगशाळेनें पाण्यास अंगाला शिवूं न देणारीं सिलिका एअरोजेलें आणि हवेच्या साध्या दाबाखालीं वाळविण्याच्या रीती ह्यांवर अनेक वर्षें काम केलें. २००६ सालीं त्यांनीं रबरासारखें वांकणारें एअरोजेल प्रसिद्ध केलें, आणि त्या निबंधाच्या सहलेखकांत लिओंचे पाजाँक आहेत. जुन्या एअरोजेलावर पाण्याचा एक थेंब पडला कीं तीच जुनी ओढ परत येऊन तेवढा भाग चुरगळतो. कोल्हापुरी एअरोजेलावर थेंब अळवाच्या पानावरल्यासारखा घरंगळून जातो.

पण उत्प्रेरकाच्या दृष्टीनें ह्यांत एक पेंच आहे. भिंतींना चिकटविलेले हे मेथिल गट सेंद्रिय असल्यामुळें भट्टींत जळून जातात, आणि जळले नाहींत तोंपर्यंत ज्या पृष्ठावर क्रिया घडावयाची तेंच झांकून ठेवतात. शिवाय फार तापविल्यास बारीक जाळें वितळल्यासारखें होऊन गुंठ्यांचा हिशेब आटतो. अल्युमिना ह्या बाबतींत सिलिकेहून टिकाऊ. त्यामुळें किस्लरला १९३४ सालीं जें हवें होतें, म्हणजे धातूच्या ऑक्साइडाचें निखळ, उघड्या पृष्ठाचें, न आकसलेलें जाळें, तें हवें असल्यास अद्यापिहि बहुधा दाबपात्रच चढवावें लागतें. आणि मोठे कारखाने खर्चाचा विचार करून साध्या रीतीनें वाळविलेल्या, थोड्याबहुत आकसलेल्या अल्युमिनावरच भागवून घेतात. किस्लर पुढें उटा विद्यापीठांत अभियांत्रिकीच्या विभागाचा प्रमुख झाला आणि १९७५ सालीं वारला. एअरोजेलांवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद् जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें भरली ती १९८५ सालीं.